चुकलेलं साल

छापखान्यात उचलेगिरी पकडायची असेल तर शुद्ध मजकुराचा काही उपयोग होत नाही. शुद्ध मजकूर कुणीही लिहू शकतो. चूक मात्र ज्याची त्याची असते. मी चौतीस वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधन केलं, त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं खिळ्यांची. तेव्हा गॅली हातात आली की ती कुणी जुळवली आहे हे मला पहिल्या दहा ओळींत कळायचं. एकाचा 'घ' नेहमी 'ध'च्या जागी बसलेला असे, दुसरा जोडाक्षर आलं की रफार विसरे. तिसरा आकड्यांचा बेभरवशाचा होता. सत्तावीसचे बहात्तर करायचा, आणि दाखवलं की म्हणायचा, "आकडे तर तेच आहेत ना!"

या तिसऱ्या माणसाच्या हातून १९७९ साली एक बत्तीस पानी पुस्तिका जुळवली गेली. लेखक सातारा जिल्ह्यातले एक प्राथमिक शिक्षक. त्यांनी आपल्या गावच्या बारवेचा इतिहास लिहिला होता. बारवेतल्या दगडावरचा लेख त्यांनी स्वतः चुना लावून, ओल्या कापडाने पुसून, चार उन्हाळे खपून वाचला होता. साल निघालं शके १६८१. आमच्या पठ्ठ्याने जुळवलं १६१८. गॅलीत ते माझ्या नजरेतून सुटलं, फर्म्यातही सुटलं. पुस्तिका बांधून झाल्यावर गुरुजींनीच ते पाहिलं. तोवर साठएक प्रती गावी प्रकाशन समारंभाला गेल्या होत्या. उरलेल्या प्रतींत मी अर्ध्या पानाचं शुद्धिपत्र छापून स्वतःच्या हाताने चिकटवलं. समारंभाचे अध्यक्ष त्या भागातले एक वजनदार पुढारी होते. संस्था, कारखाना, सगळं त्यांच्या हातात. त्यांना भेट दिलेली प्रत अर्थातच पहिल्या साठांतली.

सात वर्षांनी त्या अध्यक्षांचं स्वतःचं पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. त्या पुस्तकामुळे मला एक नाद लागला. मोठी माणसं लहानांचं लिखाण उचलतात तेव्हा स्वतःच्या मनाला काय सांगत असतील, हे मी शोधू लागलो. रात्री घरी, जुन्या पुस्तकांतून. आणि उत्तर मिळालं ते हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईकडून.

बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राज्यात गायकवाड ओरिएंटल सिरीज नावाची ग्रंथमाला निघाली. तिचं पहिलं पुस्तक १९१६ मध्ये आलं, राजशेखराची 'काव्यमीमांसा'. राजशेखर कनोजच्या प्रतिहार राजांच्या दरबारात होता, इसवी सन ९००च्या आसपास. कवीने कसं राहावं, कुठे बसावं, दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत, असं सगळं सांगणारा हा ग्रंथ. पण त्याच्या अकराव्या अध्यायापासून पुढे जे आहे, त्याला तोड नाही. तिथे विषय आहे हरण. म्हणजे दुसऱ्याचं काव्य उचलणं.

राजशेखराने उचलेगिरीचं वर्गीकरण असं केलं आहे की एखाद्या जुन्या फौजदाराने गुन्हेगारांची वही ठेवावी. शब्द चोरला की अर्थ? एकच पद उचललं, एक चरण, अर्धा श्लोक, की अख्खा ग्रंथ? आरशातल्या प्रतिबिंबासारखी जशीच्या तशी नक्कल, की चित्रासारखी थोडे रंग बदललेली? की देह सारखा आणि जीव निराळा? की परक्या नगरात शिरावं तसा प्रवेश? कवींचेही प्रकार पाडले आहेत. त्यात दुसऱ्याचं झाकून आपलं म्हणून दाखवणारा 'आच्छादक' आहे. कवींना तो व्यापाऱ्यांच्या पंक्तीला बसवतो, आणि दोघांत निष्कलंक कुणी नसतोच असं म्हणून मोकळा होतो. मात्र पैसे देऊन दुसऱ्याकडून काव्य विकत घेतलं तर तेही हरणच, असं तो बजावतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसलो होतो. कारण एका साखर कारखान्याच्या रौप्यमहोत्सवासाठी तिथल्या अध्यक्षांचं भाषण मी लिहून दिलं होतं, शंभर रुपये आणि दोन किलो साखरेवर. राजशेखराच्या हिशेबात विकत घेणारे अध्यक्ष चोर. विकणाऱ्याचं काय, ते त्याने लिहिलेलं नाही. मी माझ्यापुरता सुटलो असं समजतो.

राजशेखराच्या घरातच हे दुखणं होतं. त्याचा पणजोबा अकालजलद. त्याला राजशेखर महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, म्हणजे घराण्याचं मूळ आपल्याकडचं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या जल्हणाने १२५८ मध्ये 'सूक्तिमुक्तावली' नावाचा संग्रह केला. त्यात राजशेखराच्या नावावर एक श्लोक आहे. त्यात तो सांगतो की कादंबरीराम नावाच्या कुणी अकालजलदाचे श्लोक आपलेच असल्यासारखे वापरले आणि नाटकात थोर कवी म्हणून मिरवला. पणजोबाचा माल गेला आणि पणतूने चोरीचं शास्त्र लिहिलं! आज आपल्याकडे ना अकालजलद कुणी वाचतो, ना कादंबरीराम. श्लोकाने तेवढा चोरीचा डाग जपून ठेवला आहे.

आता ती बाई. अवंतिसुंदरी, राजशेखराची बायको. चाहमान घराण्यातली, विदुषी. 'कर्पूरमंजरी' हे प्राकृत नाटक तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आलं. काव्यमीमांसेत राजशेखर मोठमोठ्या आचार्यांची मतं देतो तसंच बायकोचं मतही नावानिशी देतो. हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रग्रंथात हे काही थोडं नाही. हरणाच्या प्रकरणात आधी जुनं मत येतं. इतर चोऱ्या काळाने पुसल्या जातात, शब्दांची चोरी मुला-नातवंडांपर्यंत डाग देते. त्यावर अवंतिसुंदरी म्हणते, छे, उचलायला हरकत नाही, कारणं पुष्कळ आहेत. आणि मग ती कारणांची यादी वाचते. हा कवी कुणाला ठाऊक नाही, मी प्रसिद्ध आहे. याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. याची रचना अजून लोकांपुढे आलेली नाही, माझी आली आहे. याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. याची भाषा मान नसलेली, माझी मानाची. हे जाणणारे लोक मरून गेले. याचा कर्ता दूर देशी राहतो. मूळ पोथी नष्ट झाली. मूळ तर म्लेच्छाचं होतं.

ही यादी ती गंभीरपणे सांगते की खवचटपणे? मूळ वाक्यात उपरोधाची काही खूण नाही. पण दरबारी कवींची ऊठबस ज्या घरात चालते, तिथे पडद्याआडून रोज हे ऐकणाऱ्या बाईने, नवरा शास्त्र लिहायला बसलेला असताना, ही सगळी वाक्यं एका दमात म्हणून दाखवली असतील, तर तिच्या चेहऱ्यावर काय असेल ते मला दिसतं. असो. माझ्या कामाची गोष्ट वेगळीच होती. त्या यादीतलं एखादंच कारण लिखाणाबद्दल आहे. बाकी सगळी कारणं दोन माणसांमधल्या उंचीबद्दल आहेत. तो खाली आहे, मी वर आहे. तो लांब आहे, मेलेला आहे, परका आहे. शब्द नेहमी खालून वर चोरले जातात. मोठ्याचं लहानाने उचललं तर त्याला दुसऱ्या दिवशी हसतात, कारण मोठ्याचं सगळ्यांना पाठ असतं.

आपल्या मराठीत हे सगळ्यात आधी कुणाच्या वाट्याला आलं असेल ते असो, गाजलं मात्र देहूचं. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर अभंग आहेत. सालोमालो स्वतःला हरिदास म्हणवायचा आणि तुकोबांच्या अभंगांत आपली नाममुद्रा घालून ते म्हणायचा. आपण त्याला ओळखतो ते मात्र प्रभातच्या 'संत तुकाराम'मुळे. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा बोलपट, विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेले. त्यातला गंधबिंध लावलेला, मिशांत हसणारा सालोमालो आमच्या आधीच्या पिढीला इतका पटला होता की छापखान्यात कुणी दुसऱ्याची कविता आपल्या नावावर आणली की आमचे फोरमन नुसतं "आले, सालोमालो आले" म्हणायचे.

एकदा काम नव्हतं तेव्हा मी बोटांवर अक्षरं मोजली. अभंगात 'तुका म्हणे' ही चार अक्षरं. 'सालोमालो' हीही चारच. लय न मोडता एकाच्या जागी दुसरं बसतं. खिळ्यांच्या भाषेत सांगायचं तर ओळ पुन्हा जुळवायची गरज नाही, चार खिळे काढा, चार घाला.

त्या काळी नाममुद्रा हीच गरिबाची मालकी होती. छापखाना नाही, कायदा नाही, पुस्तकाला मुखपृष्ठ नाही. नामा म्हणे, जनी म्हणे, चोखा म्हणे एवढीच काय ती सही. कीर्तनकार तुकोबांचा अभंग घेतो, त्यावर तास-दोन तास बोलतो, मध्ये नामदेव घालतो, एकनाथ घालतो. यात कसलीच चोरी नाही, कारण शेवटी 'तुका म्हणे' येतं आणि समोरची माणसं त्या नावाला हात जोडतात. मुद्रा काढली की मात्र चोरी.

तरी एक कोडं उरतं. तुकोबा तर पुन्हा पुन्हा सांगतात की हे बोल माझे नाहीत, बोलवता धनी वेगळाच आहे. ज्याने मालकीच सोडली त्याने सालोमालोवर चिडावं का? मला वाटतं, राग मालकीचा नव्हता. त्या ओळी मिळवायला दुष्काळात बायको-मूल गेलं होतं, दिवाळं निघालं होतं, भंडाऱ्यावर बसून दिवस काढले होते. सालोमालोला त्यातलं काही न भोगता फक्त शेवटची ओळ हवी होती. आणि हेही विसरता येत नाही की हा कवी शूद्र म्हणून त्याला लिहिण्याचा अधिकारच नाही, असं ठरवून त्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा त्याच देहूची. एकाच माणसाचं लिखाण एकाला बुडवण्याच्या लायकीचं वाटलं आणि दुसऱ्याला आपल्या नावावर म्हणण्याच्या लायकीचं.

पुढे गाथा छापायची वेळ आली तेव्हा मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये ती दोन भागांत निघाली. विष्णू परशुराम शास्त्री पंडितांनी देहू, पंढरपूर, तळेगाव अशा ठिकाणच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. कुठे मुद्रा एकाची, पाठ दुसऱ्याचा. त्या कामाला मी मुद्रितशोधनच म्हणतो, जगातलं सगळ्यात अवघड. त्याच्याही आधी १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती उलट दुखण्यासाठी. तिथे लोक ज्ञानेश्वरांच्या ओव्या चोरत नव्हते, स्वतःच्या ओव्या ज्ञानेश्वरांच्या नावाखाली घुसवत होते. मोठ्या नावाची ओढच अशी की काहीजण त्याच्यापायी दुसऱ्याचे शब्द घेतात आणि काहीजण आपले देऊन टाकतात.

छपाईच्या जमान्यात मराठीने ही भानगड बऱ्यापैकी सभ्यपणे सोडवली. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं ते शेक्सपियरचं म्हणूनच. देवलांचा 'फाल्गुनराव' आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आला, मर्फीचं नाटक मोलिएरच्या फ्रेंचवरून, आणि त्या फाल्गुनरावाचा पुढे 'संशयकल्लोळ' झाला. पुलंनी 'ती फुलराणी' १९७५ मध्ये आणली तेव्हा ती शॉची आहे हे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. भाषांतर, रूपांतर, स्वैर रूपांतर, आधारित, छाया, असे किती बारीक बारीक शब्द आपल्याकडे आहेत! मी प्रुफं वाचताना शीर्षकपानावर यांपैकी एखादा शब्द दिसला की निर्धास्त होत असे. जिथे यातलं काहीच नाही आणि भाषा मात्र मध्येच एकदम अंगापेक्षा मोठा कोट घातल्यासारखी होते, तिथे पेन्सिल थांबायची.

सरळसोट चोरी नाटकवाल्यांपेक्षा पदव्यांच्या जगात मोठी झाली, आणि तिथे अवंतिसुंदरीची यादी अगदी ओळीने वाचता येते.

जर्मनीचे माजी संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबेर्ग. छपाईचा जनक योहानेस गुटेनबेर्ग याच्याशी नातं नाही. रोमन लिपीत यांच्या नावात एक 'ट' जास्त आहे. असल्या गोष्टी आमच्या धंद्यातल्यांना आधी दिसतात. तर हे सरदार घराण्यातले, देखणे, पुढचे चॅन्सेलर होणार असं लोक म्हणायचे. बायरॉइट विद्यापीठाने २००७ मध्ये त्यांना कायद्यातली डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत दिली. फेब्रुवारी २०११ मध्ये ब्रेमेनचे कायद्याचे प्राध्यापक आंद्रेआस फिशर-लेस्कानो त्यांच्या प्रबंधाचं परीक्षण लिहायला बसले आणि शोधता शोधता एकेक उतारा सापडत गेला. प्रस्तावनेचा अगदी पहिला परिच्छेद बार्बारा त्सेनफेनिग या प्राध्यापिकेच्या १९९७ च्या वृत्तपत्रीय लेखातला. पहिलाच परिच्छेद! आरोप झाल्यावर मंत्री म्हणाले, हे हास्यास्पद आहे. मग शेकडो अनोळखी माणसांनी कामं वाटून घेतली आणि पानन्‌पान तपासलं. ३९३ पानांपैकी ३७१ पानांवर उचललेला मजकूर निघाला, १३५ ठिकाणांहून. चॅन्सेलर अँगेला मर्केल म्हणाल्या की मी संशोधन सहायक नेमला नव्हता, संरक्षणमंत्री नेमला होता. अवंतिसुंदरीने हे वाक्य ऐकलं असतं तर यादीत घेतलं असतं, कारण अर्थ तोच. त्या प्राध्यापिकेला प्रतिष्ठा नाही, याला आहे. यावर देशभरच्या पीएच.डी. करणाऱ्या मुलांनी चॅन्सेलरना खुलं पत्र लिहिलं, हजारोंनी सह्या केल्या. २३ फेब्रुवारीला पदवी गेली, १ मार्चला मंत्रिपद.

त्या दिवसांत जर्मनीच्या शिक्षणमंत्री आनेटं शावान यांनी सांगितलं की मला या प्रकाराची शरम वाटते, आणि ती केवळ मनातल्या मनात नाही. त्यांची स्वतःची डॉक्टरेट १९८० ची, ड्युसेलडॉर्फची. प्रबंधाचा विषय व्यक्ती आणि सदसद्विवेक. ५ फेब्रुवारी २०१३ ला ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने तीही काढून घेतली आणि चार दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी त्या व्हॅटिकनमध्ये जर्मनीच्या राजदूत झाल्या. यावर मी काही लिहीत नाही.

"याचा कर्ता दूर देशी राहतो" या कारणाचा नमुना म्हणजे हंगेरीचे माजी राष्ट्राध्यक्ष पाल श्मित. तलवारबाजीत दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला माणूस. १९९२ मध्ये त्यांनी आधुनिक ऑलिंपिकवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. वीस वर्षांनी एका हंगेरियन साप्ताहिकाने दाखवलं की त्याचा मोठा भाग बल्गेरियाच्या निकोलाय गेओर्गिएव यांच्या फ्रेंच लिखाणातून आला आहे. चौकशीत दोनशेहून थोड्या अधिक पानांतली सुमारे १८० पानं जुळली. बल्गेरियन माणसाने फ्रेंचमध्ये लिहिलेलं बुडापेस्टमध्ये कोण वाचणार? वीस वर्षं कुणी वाचलं नाहीच. मार्च २०१२ अखेर सेमेलवाइस विद्यापीठाने पदवी काढली, २ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले. आपल्याकडे कुमाऊँ विद्यापीठात २००२ मध्ये कुलगुरूंवर असाच आरोप झाला, मूळ निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांचा. तिथले नामवंत भौतिकशास्त्रज्ञ राष्ट्रपती अब्दुल कलामांना पत्र लिहितील असं नैनितालमध्ये कुणाला वाटलं असेल? पुढच्या वर्षी कुलगुरूंना जावं लागलं.

या तिघाचौघांबद्दल मला फारसा प्रश्न पडत नाही. पडतो तो दोघांबद्दल.

एक जो बायडेन. २३ ऑगस्ट १९८७, आयोवाच्या राज्य जत्रेतला वादविवाद. त्यांनी विचारलं की आपल्या घराण्यात विद्यापीठात जाणारा मी पहिलाच का, आणि खाणीत राबलेल्या पूर्वजांची आठवण काढली. हे सगळं ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते नील किनक यांच्या भाषणातलं होतं, त्याच वर्षीच्या निवडणुकीत दूरदर्शनवर गाजलेलं. किनक वेल्सच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. बायडेन यांनी आधीच्या काही सभांत किनकचं नाव घेऊन हेच सांगितलं होतं, या सभेत नाव घ्यायचं राहिलं. राहिलं की गाळलं, यावर रण माजलं आणि २३ सप्टेंबरला ते अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले. मला यात सालोमालो अगदी जवळून दिसतो. नुसतं वाक्य घेतलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. त्यांनी दुसऱ्याच्या बापाचे खाणीतले दिवस घेतले.

दुसरं नाव लिहिताना हात थबकतो. मार्टिन ल्यूथर किंग. १९५५ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने त्यांना धर्मशास्त्राची डॉक्टरेट दिली. पॉल टिलिक आणि हेन्री वीमन या दोन विचारवंतांची ईश्वराची कल्पना हा विषय. तीन वर्षं आधी त्याच विद्यापीठात जॅक बूझर यांनी टिलिकवर प्रबंध लिहिला होता, दोन्ही प्रबंध एकाच मार्गदर्शकाच्या हाताखालून गेले होते. बूझरचे लांबलांब उतारे किंगच्या प्रबंधात आले, पुरेसा उल्लेख न करता. आणि हे शोधलं कुणी? शत्रूंनी नव्हे. किंगच्या पत्नी कोरेटा यांनीच ज्यांच्याकडे कागदपत्रांच्या संपादनाचं काम सोपवलं होतं, त्या क्लेबोर्न कार्सन यांच्या संपादक मंडळाने. एकेका वाक्याला तळटीप द्यायची म्हणून ते मूळ संदर्भ हुडकत होते. भक्त म्हणून गेले आणि हे हाती लागलं. नोव्हेंबर १९९० मध्ये ते वर्तमानपत्रात आलं. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या समितीने उचलेगिरी झाल्याचं मान्य केलं, पदवी काढली नाही, ग्रंथालयातल्या प्रतीला एक पत्र जोडलं.

म्हणजे शुद्धिपत्रच की! मी ते वाचलं तेव्हा मला डिंकाचा वास आला. आणि निर्णय पटलाही. त्या माणसाने पुढच्या तेरा वर्षांत जे केलं त्याला प्रबंधातल्या उताऱ्यांनी बाध येत नाही. पण जॅक बूझर हे नाव यामुळे तरी त्या प्रतीशेजारी कायमचं लागलं, हेही मला बरं वाटलं. झाकलं असतं तर किंग काही मोठे झाले नसते, बूझर मात्र पुसले गेले असते.

आता यंत्रं आली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, चाळीसपर्यंत दुरुस्ती करा, साठपर्यंत वर्षभर थांबा, साठच्या वर नोंदणी रद्द. माझा भाचा महाविद्यालयात शिकवतो, तो मला संगणकावर रंगीत ओळी दाखवतो. मी त्याला विचारलं, बत्तीस पानांची पुस्तिका, जी कुठल्याही संगणकावर नाही, तिच्यातली दीड पानं दोनशे चाळीस पानांच्या पुस्तकात आली, तर तुझं यंत्र काय म्हणेल? तो म्हणाला, "शून्य टक्के, मामा."

तर ते पुस्तक. १९८६ साल. पुढारी साठ वर्षांचे झाले होते आणि 'आपल्या परिसराचा इतिहास' त्यांच्या नावाने निघणार होता. लिहिणारा निराळाच कुणी असणार, पण मुखपृष्ठावर साहेब. पान एकेचाळीसवर बारव आली. चुना, ओलं कापड, दगडावरची अक्षरं, सगळं गुरुजींच्याच शब्दांत, फक्त 'मी'च्या जागी 'आम्ही'. आणि साल, शके १६१८.

माझी चूक माझ्याकडे परत आली होती. पुऱ्या सात वर्षांनी, भारी कागदावर छापून घ्यायला. तो आकडा तसाच राहिला असता तर कुणीही, कधीही, शुद्धिपत्र लावलेली पुस्तिका आणि हे पुस्तक शेजारी ठेवून म्हणू शकला असता की हे कुठून आलं. गुरुजींच्या बाजूचा तो एकच साक्षीदार होता.

आणि मी पेन्सिलीने १६१८ वर रेघ मारली, समासात १६८१ लिहिलं. विचार करून नाही. हात आपोआप गेला, जसा रफार दिसला नाही की जातो. गॅली खाली गेल्यावर लक्षात आलं. परत मागवून चूक पुन्हा घाल, असं कंपोझिटरला सांगायचं? चौतीस वर्षांत मी कधी मुद्दाम चूक घातली नाही. मालकांना सांगायचं? छापखान्याचं अर्धं काम साहेबांच्या संस्थांचं होतं. मी गप्प राहिलो.

दिवाळीनंतर गुरुजी पुण्याला आले होते, आमच्याकडे डोकावले. पिशवीत दोन्ही पुस्तकं. त्यांनी टेबलावर दोन्ही उघडून ठेवली. मी मान वर केली नाही. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "साहेबांच्यात साल बरोबर आलंय बघा, भाऊ. माझ्यातच चुकलं होतं." त्यात टोमणा नव्हता. पिशवीतली त्यांची प्रत पहिल्या साठांतली, शुद्धिपत्र नसलेली होती. मी कपाटातून एक उरलेलं शुद्धिपत्र काढलं आणि डिंक लावून त्यांच्या प्रतीत चिकटवून दिलं. ते वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला.

गुरुजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी भाच्याने त्या तालुक्याच्या इतिहासावरचा एक नवा प्रबंध आणून दाखवला. बारवेचं साल शके १६८१ दिलं होतं, आधार साहेबांचं पुस्तक, पृष्ठ ४१. खाली तळटीप होती, की या विषयावर एका स्थानिक शिक्षकाची एक पुस्तिकाही आहे, पण तिच्यातलं साल चुकीचं असल्याने ती विचारात घेतलेली नाही.